विल्मिंग्टन: धावपट्टी स्वतःची, माल दुसऱ्याचा

अमेरिकेत एक मालवाहतूक कंपनी अशी होऊन गेली, की तिने विमानतळच विकत घेतला. १९८० साली सिअॅटलच्या एअरबोर्न फ्रेट या कंपनीने ओहायो राज्यातल्या विल्मिंग्टन या छोट्या गावाबाहेरचा, हवाई दलाने कधीच सोडून दिलेला तळ आपल्या ताब्यात घेतला. लँडिंग फी भरायची कटकट नाही, रात्री दोन वाजता विमान उतरवायला कोणाची मिनतवारी नाही, शेजारी गोदाम बांधायचं तर भाड्याची घासाघीस नाही. विमानतळ आणि विमान कंपनी यांच्यातला नेहमीचा तंटाच मिटला, कारण दोन्ही बाजूंना एकच मालक.

अठ्ठावीस वर्षांनी त्याच तळावरची विमानं निघून जायचं ठरलं. तो निर्णय सिअॅटलमध्ये झाला नाही, ओहायोत तर नाहीच. तो झाला जर्मनीत, बॉन शहरात. सुमारे १२ हजार वस्तीच्या विल्मिंग्टनच्या तळावर सुमारे ८ हजार नोकऱ्या होत्या. कामगार आसपासच्या अनेक तालुक्यांतून येत, म्हणून हे आकडे एकमेकांवर चढवून बघू नयेत. पण प्रमाण लक्षात यावं.

एअर कार्गोत धावपट्टी कोणाची यावर लोक फार बोलतात, विमानं कोणाची यावर त्याहून जास्त. विल्मिंग्टनच्या प्रकरणात मला दिसतं ते असं, की दोन्ही दुय्यम आहे. पार्सल पाठवणाऱ्या ग्राहकाशी करार कोणाचा आहे, म्हणजे माल कोणाच्या हातात आहे, यावर सगळं फिरतं.

रात्रीचे चार तास

हबची कल्पना आपल्याला परकी नाही. १९४९ पासून आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन संध्याकाळनंतर निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. फ्रेडरिक स्मिथ यांच्या फेडेक्सने मेम्फिसमध्ये हेच सुरू केलं ते १९७३ साली, १४ छोट्या फाल्कन विमानांनिशी. पहिल्या रात्री त्यांच्याकडे १८६ पार्सलं होती. नागपूर त्यांच्या चोवीस वर्षं पुढे होतं, हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

गणित सोपं आहे. शंभर शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर ४,९५० मार्ग लागतात. सगळा माल आधी एका ठिकाणी आणला, निवडला आणि परत पाठवला तर शंभर मार्गांत काम होतं. पार्सलला वळसा पडतो, पण पार्सल तक्रार करत नाही. पुण्याच्या माणसाला नाशिकला जायला हैदराबादवरून पाठवलं तर तो पुन्हा तुमचं तिकीट काढणार नाही. खोक्याचं तसं नसतं. ते सकाळी साडेदहाच्या आत पोचलं म्हणजे झालं.

या एका फरकावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. प्रवासी विमानतळाला स्वतःचे प्रवासी असतात. मुंबईला येणारा बहुतेक माणूस मुंबईसाठीच आलेला असतो. विमान कंपनी बुडाली तरी तो दुसऱ्या विमानाने येतो. कार्गो हबवर रात्री उतरणाऱ्या मालापैकी त्या गावासाठीचा माल जवळपास शून्य असतो. विल्मिंग्टनला आलेलं पार्सल बोस्टनहून डॅलसला निघालेलं असायचं. त्याला विल्मिंग्टनशी काही देणंघेणं नव्हतं. तीच अदलाबदल शंभर किलोमीटर पलीकडे झाली असती तरी बोस्टनला आणि डॅलसला पत्ता लागला नसता.

रात्रीचं काम कसं चालायचं ते थोडं जवळून पाहू. संध्याकाळी देशभरातल्या शहरांतून गोळा झालेला माल विमानात भरला जाई. रात्री उशिरा एकामागोमाग एक विमानं उतरायला लागत. डबे रॅम्पवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवरून, सॉर्टच्या, म्हणजे पार्सलं निवडण्याच्या, इमारतीत ओढत न्यायचे, रिकामे करायचे, पार्सलं पट्ट्यांवर टाकायची, पत्त्याचा कोड वाचून ती योग्य घसरंडीवर वळवायची, आणि त्या शहराच्या डब्यात पुन्हा रचून विमानापाशी न्यायची. हे सगळं तीन-चार तासांत. पहाटे विमानं सुटली पाहिजेत, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरची सकाळची पोचवणी हुकते. त्यामुळे हजारो माणसं लागतात, पण रोज थोडेच तास. विल्मिंग्टनचे कितीतरी सॉर्टर अर्धवेळ होते: दिवसा शेती, शाळा किंवा दुसरी नोकरी, रात्री सॉर्ट. अमेरिकेत आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबर येतो, म्हणून अशा रात्रपाळीची किंमत पगाराच्या आकड्याहून मोठी असते.

एअरबोर्नने या तळाचा आणखी एक उपयोग केला. हबच्या शेजारीच गोदामं उभारली आणि कंपन्यांना सांगितलं, तुमचे सुटे भाग इथेच ठेवा. इतर ठिकाणाहून उद्या सकाळसाठी माल पाठवायचा तर संध्याकाळी कुरिअरची गाडी गाठावी लागते. इथे ठेवलेल्या मालाची ऑर्डर रात्री उशिरा आली तरी तो त्याच रात्रीच्या विमानात चढे. विमानतळ स्वतःचा असल्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. फी वाचवणं ही त्या मानाने किरकोळ गोष्ट.

दारातून मावणारा डबा

एअरबोर्न ही फेडेक्स आणि यूपीएस यांच्यामागची तिसरी कंपनी. तिसऱ्याला स्वस्तात राहावं लागतं. तिची विमानं जुनी, बहुतेक प्रवासी सेवेतून काढलेली: आधी वायएस-११ आणि कॅरावेल, मग डीसी-९ आणि डीसी-८, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजची वापरलेली बोइंग ७६७.

प्रवासी विमानाचं मालवाहू करायचं म्हणजे साधारणपणे पुढच्या बाजूला विमानाचं अंग कापून मोठं दार बसवायचं, जमिनीखालचा सांगाडा मजबूत करायचा आणि रुळांची व्यवस्था करायची. एकेका विमानाला काही दशलक्ष डॉलर लागतात. एअरबोर्नने हा खर्चच टाळला. प्रवाशांच्या नेहमीच्या दारातून आत जाईल एवढ्या मापाचा डबा तिने तयार केला. त्याला म्हणायचे सी-कंटेनर. तो दाराशी उचलायचा, आत ढकलायचा आणि मागे सरकवत न्यायचा. विमान न कापता मालवाहू झालं. पार्सलं आणि कागदपत्रांसाठी हे उत्तम होतं.

मात्र त्या विमानात दुसऱ्या कोणाचा माल जाईना. जगभरचा कार्गो ज्या मोठ्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या सपाट पाटावर, चालतो ते पॅलेट या दारातून शिरत नव्हतं. डबा एअरबोर्नचा, तो उचलणारी यंत्रं एअरबोर्नची, ती यंत्रं असलेले तळही एअरबोर्नचे. विमान म्हणजे हलणारी मालमत्ता असं आपण धरून चालतो. ही ७६७ विमानं एका अर्थी धावपट्टीइतकीच जागेला खिळलेली होती. स्वस्त पडणारी प्रत्येक युक्ती एका नेटवर्कशी आणखी घट्ट बांधून टाकत होती. तेव्हा कोणाला ते खुपलं नाही, कारण नेटवर्क स्वतःचं होतं.

तीन तुकडे

२००३ साली ते स्वतःचं उरलं नाही. जर्मन टपाल खातं, म्हणजे बॉनचं डॉइश पोस्ट, तोवर डीएचएलचं मालक झालं होतं. डीएचएल आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये बलाढ्य, पण अमेरिकेच्या देशांतर्गत बाजारात कच्ची. फेडेक्स आणि यूपीएसला त्यांच्या घरात गाठायचं तर तयार जाळं हवं होतं. एअरबोर्न सुमारे एक अब्ज डॉलरना विकत घेतली गेली.

इथे अमेरिकन कायदा आडवा आला. तिथल्या विमान कंपनीत परदेशी मालकाला मतदानाचे २५ टक्क्यांपेक्षा जास्त हक्क ठेवता येत नाहीत. म्हणून एअरबोर्न चिरली. ग्राहक, जमिनीवरच्या गाड्या, डेपो आणि विल्मिंग्टनचा विमानतळ डीएचएलकडे गेले. शंभराहून अधिक विमानं, वैमानिक आणि सॉर्ट चालवणारी माणसं एबीएक्स एअर या नव्या, स्वतंत्र, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत गेली. कागदावर ही स्वतंत्र विमान कंपनी. प्रत्यक्षात तिचं जवळजवळ सगळं उत्पन्न एकाच ग्राहकाकडून यायचं, तिचं मुख्यालय त्याच ग्राहकाच्या विमानतळावर होतं, आणि दर ठरला होता खर्च अधिक १.७५ टक्के असा मूळ नफा. त्यावर काही उद्दिष्टं गाठली तर थोडी भर.

खर्चावर टक्केवारीचा करार दिसायला सुरक्षित वाटतो. शंभर डॉलर खर्च झाले की पावणेदोन डॉलर नफा ठरलेला. मला तो दोन्ही बाजूंनी वाईट वाटतो. एबीएक्सला खर्च कमी करण्याचं मोठं कारण उरत नाही, आणि डीएचएलला दर महिन्याला दुसऱ्याच्या खर्चाचं बिल दिसत राहतं. आपलंच पोर असलेल्या विभागाचा खर्च आणि बाहेरून आलेलं बिल या दोन गोष्टी हिशेबनीस सारख्या नजरेने बघत नाही.

डीएचएलचं स्वतःचं हब १९८० च्या दशकापासून सिनसिनाटीच्या विमानतळावर होतं. नाव सिनसिनाटीचं, जमीन मात्र नदीपलीकडे केंटकी राज्यात. विल्मिंग्टनपासून साधारण शंभर किलोमीटर. दोन हब इतकी जवळ ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि कोणतं ठेवायचं यावर २००४ साली ओहायो आणि केंटकी यांच्यात चढाओढ लागली. ओहायोने सवलतींचं मोठं गाठोडं पुढे केलं आणि विल्मिंग्टन जिंकलं. सिनसिनाटीचं काम २००५ साली तिकडे हललं. हलवाहलवीत सेवा विस्कटली, पार्सलं अडकली, ग्राहक चिडले. रात्रभरात पोचवण्याच्या धंद्यात गेलेला ग्राहक परत मिळवायला वर्षं जातात.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवावी. राज्याने सवलती दिल्या त्या जागेसाठी. जागा पळून जाणार नव्हतीच. सॉर्ट किती वर्षं इथे चालेल, किती पार्सलं येतील, याची हमी डीएचएलकडून मिळाली असती तर तिला काही किंमत होती.

२८ मे ते १० नोव्हेंबर

डीएचएलचा अमेरिकेतला तोटा फुगत गेला. २००८ साली तो सुमारे १.३ अब्ज डॉलरवर जाईल असा कंपनीचाच अंदाज होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉइश पोस्टचे प्रमुख क्लाउस त्सुमविंकेल करचुकवेगिरीच्या प्रकरणात पायउतार झाले आणि फ्रांक आपेल आले. नवा माणूस जुन्या स्वप्नाला बांधलेला नसतो.

२८ मे २००८ ला डीएचएलने जाहीर केलं, की अमेरिकेतला आपला माल विमानाने नेण्याचं काम यूपीएसला द्यायचा विचार आहे. दहा वर्षं, वर्षाला एक अब्ज डॉलरपर्यंत. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या विमानांतून, प्रतिस्पर्ध्याच्या लुईव्हिलच्या हबवरून आपली पार्सलं. विमानं भाड्याने घेणं वेगळं आणि सॉर्टच दुसऱ्याकडे सोपवणं वेगळं. विल्मिंग्टनमध्ये लोकांना अर्थ लगेच समजला: एबीएक्सची विमानंही नकोत, आणि विमानतळही नको.

निवडणुकीचं वर्ष होतं, ओहायो म्हणजे अटीतटीचं राज्य. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचे प्रचार व्यवस्थापक रिक डेव्हिस यांनी २००३ च्या सौद्याच्या बाजूने लॉबिंग केल्याचं बाहेर आलं आणि विल्मिंग्टन राष्ट्रीय बातमी झालं. दोन्ही पक्षांनी चिंता व्यक्त केली, पत्रं लिहिली, स्पर्धा कायद्याखाली चौकशीची मागणी केली. यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही, कारण कोणाच्याही हातात करारातलं एखादं कलम नव्हतं. विमान कंपनी परदेशी हातात जाऊ नये म्हणून कायदा होता. माल परदेशी हातात गेला तर काय, याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं. कायद्याने विमानांची राखण केली, ती ओहायोतच राहिली, आणि नेमकी तीच रिकामी झाली.

१० नोव्हेंबरला घाव पुरता बसला. डीएचएल अमेरिकेच्या देशांतर्गत सेवेतूनच बाहेर पडणार. ३० जानेवारी २००९ नंतर फक्त आंतरराष्ट्रीय माल. आधीच्या ५,४०० नोकऱ्यांच्या कपातीवर आणखी ९,५०० नोकऱ्या. डेपो ४१२ होते, उरणार १०३. यूपीएसबरोबरचा करार शेवटपर्यंत झालाच नाही. एप्रिल २००९ मध्ये बोलणी संपली. म्हणजे ज्या बातमीने गाव हादरलं तो सौदा झाला नाही, आणि गावाचं काम तरीही गेलं.

उरलेला आंतरराष्ट्रीय माल विल्मिंग्टनलाच राहील अशी थोडी आशा होती. तोही २००९ च्या उन्हाळ्यात गेला. कुठे, तर चार वर्षांपूर्वी सोडलेल्या सिनसिनाटीला.

सिनसिनाटीच का

कारणं कंपनीने जशी सांगितली तशी सांगितली. मला हिशेब असा दिसतो. स्वतःचा विमानतळ म्हणजे दोन लांब धावपट्ट्या, अग्निशमन, हिवाळ्यात बर्फ काढणं, दिवे, डागडुजी, सगळा खर्च एकट्याच्या बोकांडी. माल भरपूर असतो तेव्हा प्रत्येक पार्सलामागे तो खर्च पैशांत जातो. माल चौथाईवर आला की तीच धावपट्टी गळ्यातला दगड होते. सिनसिनाटीत हा खर्च प्रवासी विमानं, इतर कार्गो कंपन्या, पार्किंग, दुकानं अशा अनेकांत वाटला जातो. डीएचएलला आपल्या वाट्यापुरतंच भरायचं.

सिनसिनाटीच्या विमानतळालाही तेव्हा डीएचएल हवीच होती. हे डेल्टा एअरलाइन्सचं मोठं हब होतं, दिवसाला सहाशेच्या वर उड्डाणं. २००५ साली डेल्टाने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं, उड्डाणं छाटायला घेतली. २००८ च्या नॉर्थवेस्टबरोबरच्या विलीनीकरणानंतर तिला जवळच डेट्रॉइटचं हबही मिळालं आणि सिनसिनाटी आणखी आटलं. एक अख्खा कॉनकोर्स, म्हणजे विमानात चढायची दारं असलेली इमारत, ओस पडला, पुढे पाडून टाकावा लागला. म्हणजे प्रवासी हबलाही विमान कंपनी सोडून जाते. फरक एवढाच, की सिनसिनाटीतून प्रवास करायची इच्छा असलेली माणसं तिथेच राहतात. डेल्टा गेल्यावर स्वस्त भाड्याच्या कंपन्या आल्या, कारण गिऱ्हाईक जागेवर होतं.

अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांचं विमान कंपन्यांशी नातं बहुधा दीर्घ करारांवर चालतं. करारावर सही करणाऱ्या कंपन्या विमानतळाचा तोटा भरून द्यायची हमी घेतात, आणि बदल्यात मोठ्या बांधकामांवर नकाराधिकार मागतात. या पद्धतीची बरीच टीका होते, कारण जुनी कंपनी नव्या स्पर्धकाला दारात उभं राहू देत नाही. पण हमी ही हमी असते. विल्मिंग्टनकडे असा कागदच नव्हता. विमानतळ आणि विमान कंपनी एकच असल्यामुळे करार कोणाचा कोणाशी करायचा? आणि २००३ साली मालक बदलला तेव्हा गाव त्या टेबलावर नव्हतं.

याच कंपनीने युरोपात काय केलं तेही बघण्यासारखं आहे. डीएचएलचं युरोपीय हब ब्रसेल्सला होतं. रात्रीची उड्डाणं वाढवायची परवानगी मिळेना. आवाजाला कंटाळलेले रहिवासी आणि बेल्जियमचं आघाडी सरकार यांत २००४ साली प्रकरण चिघळलं आणि डीएचएलने लाइपझिग निवडलं. तिथल्या विमानतळाने नवी दक्षिण धावपट्टी बांधली, २००८ च्या पूर्वार्धात हब सुरू झालं. जर्मन सार्वजनिक मालकांनी विमानतळात ३५ कोटी युरोंचं भांडवल घातलं, आणि वर डीएचएलला लेखी अभय दिलं, की रात्रीची उड्डाणं पुढे बंद झाली तर नुकसान आम्ही भरू. युरोपीय आयोगाने जुलै २००८ मध्ये भांडवल मान्य केलं, पण ही अमर्याद हमी बेकायदा ठरवली.

एकाच वर्षाच्या या दोन घटना शेजारी ठेवा. लाइपझिगला विमान कंपनीने विमानतळाकडून हमी घेतली: तू बदललास तर मला भरपाई. विल्मिंग्टनने विमान कंपनीकडून तशी हमी घेतली नव्हती. आपल्या राज्यांतही कारखान्याला जमीन आणि सवलती देताना हीच उलटसुलट दिसते; पण कारखाना उचलून न्यायला दोन-चार वर्षं लागतात, सॉर्ट काही महिन्यांत हलतो.

जाता जाता नागपूरबद्दल. तिथल्या विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या इंग्रजी नावात आंतरराष्ट्रीय कार्गो हब आहे, आणि देशाच्या मध्यावर असणं हे त्यामागचं कायमचं समर्थन. उभं राहिलं ते विमान दुरुस्ती, आयटी आणि इतर उद्योग. मध्यावर असल्याने नेटवर्कला सोय होते, हे खरं. पण अमेरिकेतही मध्याच्या जवळपास डझनभर तरी चांगल्या धावपट्ट्या रिकाम्या पडून असतात. नागपूरला थैल्या यायच्या त्या टपाल खात्याने ठरवलं म्हणून. ज्याच्याकडे माल आहे त्याने ठरवल्याशिवाय नकाशावरचा मध्यबिंदू हब होत नाही.

रिकामा तळ

२०१० साली डीएचएलने विल्मिंग्टनचा विमानतळ क्लिंटन काउंटी पोर्ट अथॉरिटीला, म्हणजे स्थानिक सार्वजनिक संस्थेला, देऊन टाकला. फुकट. ज्याला एकेकाळी कंपनीने आपला सगळ्यात मोठा फायदा मानलं, त्याची किंमत आता त्याच्या देखभालीच्या खर्चाहून कमी होती. काउंटीतली बेरोजगारी तेव्हा पंधरा टक्क्यांच्या वर गेली होती.

विमानांचं पुढे काय झालं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका भाग वाटतो. डीसी-९ निवृत्त झाली. ७६७ विमानं मात्र एकेक करून इस्रायलला गेली. तिथे त्यांना ते मोठं दार बसवलं गेलं, जे एअरबोर्नने पैसे वाचवण्यासाठी टाळलं होतं. दार बसल्यावर ती कोणाच्याही कामाची झाली. एबीएक्सच्या पालक कंपनीने, एअर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ग्रुपने, धंद्याची तऱ्हाच बदलली: एका ग्राहकासाठी उड्डाणं करण्याऐवजी विमानं भाड्याने देणं, दुरुस्ती, वैमानिक पुरवणं, जे ज्याला हवं ते. पोर्ट अथॉरिटीने तोच धडा जमिनीवर गिरवला आणि हँगरवर भर दिला. विमान दुरुस्तीला आलं की आठवडेच्या आठवडे उभं राहतं, तंत्रज्ञ कसबी लागतात, आणि काम वेगवेगळ्या कंपन्यांचं मिळू शकतं. नोकऱ्या सॉर्टइतक्या नाहीत, पण एका रात्रीत उठून जाण्यासारख्याही नाहीत.

२०१५ च्या सप्टेंबरात विल्मिंग्टनला काही ७६७ विमानं गुपचूप पार्सलं वाहू लागली. ग्राहकाचं नाव सांगायची मनाई होती, पण खोकी ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. मार्च २०१६ मध्ये अॅमेझॉनने जाहीर केलं, की याच ग्रुपकडून २० बोइंग ७६७ भाड्याने घेत आहोत, आणि सोबत कंपनीचे १९.९ टक्क्यांपर्यंत शेअर घेण्याचा हक्कही. त्या शेवटच्या अटीतली हुशारी बघा. विमान पुरवणारा आपल्यामुळे मोठा होणार असेल तर वाढलेल्या किमतीत आपला वाटा हवा. डीएचएलने खर्चावर टक्का दिला होता. अॅमेझॉनने उलट मालकीत हिस्सा मागितला.

गावात पुन्हा आशा. मग ३१ जानेवारी २०१७. अॅमेझॉनचं मुख्य हवाई हब सिनसिनाटीला होणार, गुंतवणूक सुमारे दीड अब्ज डॉलर, करार ५० वर्षांचा. हब बांधून होईपर्यंत अॅमेझॉनची विमानं तिथे डीएचएलच्याच जागेतून चालली: डीएचएलचा मोठा सॉर्ट रात्रीचा, दिवसा त्या इमारती आणि ते रॅम्प मोकळे. दोन मोठ्या नेटवर्कनी एकच जागा वेगवेगळ्या तासांना वापरली. विमानतळ चालवणाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, आणि विल्मिंग्टनला ते कधीच साधलं नव्हतं, कारण तळावर दुसऱ्या मोठ्या कंपनीला येऊ देण्याचं मालकाला काही कारण नव्हतं.

अॅमेझॉनचं नवं हब ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. हाँगकाँग आणि लाइपझिगबरोबर सिनसिनाटी हे आता डीएचएलच्या तीन मुख्य जागतिक हबांपैकी एक आहे. डेल्टाने रिकामा केलेला विमानतळ कार्गोत उत्तर अमेरिकेतल्या पहिल्या दहांत जाऊन बसला.

विल्मिंग्टनला अॅमेझॉन २०१९ च्या जूनमध्ये परत आली. मुख्य हब म्हणून नाही, प्रादेशिक केंद्र म्हणून. यावेळी जागेची मालक पोर्ट अथॉरिटी आहे, अॅमेझॉन नाही. तळावर दुरुस्तीचे हँगर चालू आहेत आणि तिथे भाडं देणारे एकाहून जास्त आहेत. एअर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ग्रुप २०२५ च्या एप्रिलमध्ये स्टोनपीक या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक कंपनीने विकत घेतला आणि शेअर बाजारातून बाहेर काढला. त्यामुळे विल्मिंग्टनमधून विमानं चालवणाऱ्या कंपनीचा मालक पुन्हा एकदा बदलला आहे. या वेळी धावपट्टी मात्र त्या सौद्यात नव्हती.